शेवंतीच्या खुरातली खबर

यसूबाई ढेब्यांनी उजव्या हातात मोजा चढवला आणि बोटं हलवून पाहिली. "भाकरी थापायला नाही चालायचा," त्या म्हणाल्या. "बाकी ठीक आहे."

माथेरानच्या डोंगरावर मोटारी चालत नाहीत म्हणून घोडे चालतात, आणि घोडे चालतात म्हणून ढेब्यांचं घर चालतं. त्या घरातली सगळ्यात शहाणी शेवंती घोडी, तिच्या खालोखाल मुलगा भिकू. हा क्रम यसूबाईंनीच लावलेला, आणि भिकूनेही तो कधी खोडून काढला नव्हता.

दिवाळीच्या सुमारास शेवंती पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागली. नाल तंग होऊन टाच आवळली गेली होती. नाल काढली, तेव्हापासून ती अनवाणीच. आज डॉक्टर अमला पाटणकर खूर तपासायला आली होती. पाय बरा निघाला तर उद्या खोगीर. नाही तर खालच्या गावातला एक बागायतदार तिला न्यायला टपून होताच. बंगल्यापुढे शोभेला. खोगिराविना उभं घोडं डोंगरावर कोण पोसणार?

अमलाने खूर उचलून खरवडला, तळ अंगठ्याने दाबून पाहिला. "तळाची मधली मऊ गादी पुन्हा रुंद झालीय, कुजल्याचा वास नाही. ही आडवी वळी दुखण्याच्या दिवसांतली. तिच्या वरचा खूर नंतर आलेला, बघा किती नितळ."

"ते दिसतंय मला. मग मोजा कशाला?"

"दिसतो तो खूर, मावशी. तिला काय होतं ते कुठं दिसतं?" खुराच्या वर अमलाने एक पातळ पट्टी गुंडाळली. पाय नि मेंदू यांच्यात मज्जातंतूंतून जाणारी-येणारी खबर ती पट्टी वाटेतच वाचायची, आणि मोजा तीच खबर माणसाच्या हाताला सांगायचा. "घोड्याचा पुढचा पाय म्हणजे आपला हातच. खुरातलं हाड हे आपल्या मधल्या बोटाचं टोक."

"म्हणजे जन्मभर एका बोटावर चालते बिचारी. आणि आमचा भिकू दोन पायांवर दमतो."

"आये, तपासणी घोडीची आहे," भिकू म्हणाला.

अमलाने बजावलं, ओढायचं नाही, हाकारायचं नाही, दोर सैल ठेवायचा. शेवंती निघाली. यसूबाईंच्या तळहाताला आधी तांबडी माती लागली, मऊ नि कोमट. मग फरशी, थंडगार. मग खडी, तिच्या नुसत्या गुदगुल्या झाल्या. दर पावलाला आधी मनगटाकडे दाब यायचा, मग बोटाकडे सरकायचा.

"आधी टाच, मग पुढचा भाग," अमला हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाली. "दुखरा पाय उलटा पडतो. हा बरा आहे."

पुढे वळणावरचा चढ आला. इथे डोंगरावरचा प्रत्येक घोडेवाला जीभ टाळूला लावून 'टक् टक्' करतो. घोडं मधेच थबकलं तर बसलेला मागे घसरतो, म्हणून ही रीत. यसूबाईंच्या जिभेने कुणाला न विचारता तेच केलं.

मधल्या बोटापासून कोपरापर्यंत कळ गेली. शेवंतीचं पाऊल उलटं पडलं.

"खडा लागला," भिकू म्हणाला. खूर उचलला तर तळ स्वच्छ. घोडी खाली नेऊन मुकाट्याने पुन्हा चढवली; काही नाही. मग यसूबाईंनी मुद्दाम जीभ वाजवली, आणि तीच कळ पुन्हा कोपरापर्यंत गेली.

अमलाने पडद्यावरची रेघ मागे सरकवून पाहिली. "पाय बरा झालाय. पण लंगडत होती तेव्हा दर चढाला हा आवाज आणि कळ बरोबरच यायची. मेंदूने दोन्हींची गाठ मारून ठेवलीय. आता नुसता आवाज आला तरी कळ येते."

"म्हणजे खोटी कळ," भिकू म्हणाला. "आये, खोटी ना?"

यसूबाई अजून कोपर चोळत होत्या.

"नियमात फक्त खूर बघतात, आणि खूर उत्तम आहे," अमला म्हणाली. "मला सवारीच्या परवानगीचा हिरवा बिल्ला द्यावाच लागेल. लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा."

"लावू की. जीभ नाही वाजवायची, झालं," भिकू म्हणाला. "मी दातात धरतो."

"तू धरशील रे. मला जन्मात नाही धरता आली." यसूबाईंनी बिल्ला डाव्या हातात घेतला. "पण आता शिकेन."

शेवंतीला झाडाला बांधलं. तेवढ्यात खालून सकाळची रांग आली. प्रवासी बसलेले, घोडेवाले शेजारी. चढाच्या पायथ्याशी पहिल्याने जीभ वाजवली. मागच्याने वाजवली. त्याच्या मागच्यानेही.

शेवंती जागची हलली नव्हती, फक्त कान मागे पडले होते. यसूबाईंची उजवी मूठ आपोआप आवळली. सुटली. पुन्हा आवळली.

"आये, मोजा काढ ना," भिकू म्हणाला.

"मी काढीन," त्या म्हणाल्या. "तिनं काय काढायचं?"