राणीची मान ताठ

"तुमची राणी शेवटी शेवटी पेंगते का हो?"

बाहुलीवाली दचकली. खेळ संपून ती पडद्यामागे भिंतीला टेकून बसली होती. समोर, आपल्या आईला खेळ दाखवायला आलेला एक उंच तरुण... डोळ्यांत मिश्कील हसू.

"लाकडाची राणी खेळभर डोक्यावर धरा, मग बोला!" ती फणकारली.

त्याने खरंच काठी उचलून राणी वर धरली. "वजन फार नाही... पण धरून ठेवणं अवघड आहे. मी व्यायामशाळेत ताकद वाढवायलाच शिकवतो. याल?"

"आधीच मेल्यासारखी दमते मी. त्यात वजनं उचलू?"

"थकवा नुसता झोपून जात नाही. स्नायू बळकट झाले की त्यांना तेच ओझं हलकं वाटतं. मग दिवसाअखेर अंगात जोर उरतो."

ती गेली, कारण खेळाचा मालक असलेल्या तिच्या मामाने कालच बजावलं होतं, "मोठ्या खेळात राणी वाकली, तर ती तुझ्या भावाच्या हातात देईन." आणि ती राणी तिने स्वतः कोरलेली होती!

सुरुवातीला ती आणखीच मोडून गेली. केस विंचरायला हात वर जाईना. तरी घाई नडलीच. सुट्टीच्या दिवशी ती गुपचूप व्यायामशाळेत शिरली. वजन उचलते न उचलते, तोच मागून आवाज आला, "ठेवा ते खाली! विश्रांती घेतली नाही, तर स्नायू भरून कसे येणार?"

"आणि सुट्टीच्या दिवशी मास्तर इथे कसे?"

"मी... ते... दिवे बघायला."

"दिवसाढवळ्या?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले.

मग ती शहाण्यासारखी वागली. हळूहळू वजन वाढवत गेली. रात्री गाढ झोप लागू लागली. जिने चढताना ती गुणगुणू लागली. काम संपलं की अंथरूण नाही, रस्ता खुणावू लागला... आणि रस्त्यावर बहुतेक वेळा मास्तर भेटत.

मोठ्या खेळात शेवटच्या प्रवेशाला तिचा हात थरथरला. बाजूला भाऊ तयारच होता. मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे तिने खांदा सावरला, सावकाश श्वास सोडला... आणि राणी बुरुजावर ताठ उभी राहिली. शेवटच्या शब्दापर्यंत! सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं.

"ही राणी आता तुझ्याकडून कोण काढून घेतो, बघतोच!" मामा ओरडला. जणू धमकी दुसऱ्याच कुणी दिली होती!

मास्तर आईला घेऊन पडद्यामागे आले. "दमलात?"

"दमले. पण जोर आहे अजून."

"कशासाठी?"

"तुमच्याबरोबर फिरायला. आज... उद्या... रोज." तिने मान वर केली. "मला तुम्ही आवडता, मास्तर."

एवढी वजनं हसत उचलणारा माणूस, पण आईची पिशवी हातातून सुटली.

"अरे, हो म्हण की!" आई करवादली. "घरी तर दिवसभर तिचंच नाव!"

"हो," मास्तर म्हणाले. "हो... हो!"

आणि ती खळखळून हसत, त्यांचा हात धरून, बाहेरच्या उजेडात निघाली.