निकानोरची बरोबरी

बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी होती. जिंकलो तर हवानाला जाणार, नाहीतर आहेच होल्गीन आणि म्हाताऱ्यांची प्रवचनं. शाळा मी कधीच सोडली होती. गाव सोडायचं राहिलं होतं.

सोडतीत माझ्या वाट्याला नेमकी रिकामी खुर्ची आली.

निकानोर याच खुर्चीत खेळता खेळता मेला. छातीत कळ आली म्हणून त्याने बरोबरी मागितली होती. समोर आमचे एउसेबियो मास्तर होते आणि ते जिंकत होते. उत्तर न देता त्यांनी पुढची खेळी केली. तेव्हापासून दर वर्षी कुणीतरी या खुर्चीसमोर त्याच डावातली, स्लाव्ह नावाची ठरलेली सुरुवात मांडतो, दोन्हीकडच्या सोंगट्या स्वतःच हलवतो, बरोबरी मागतो आणि अर्धा गुण घेऊन उठतो. पाप म्हाताऱ्यांचं, फेडायचं आम्ही.

"वजिरापुढचं प्यादं काढ, पोरा," मास्तर कानाशी पुटपुटले. "शहाणपणा नको."

"तुमचा मेलेला तुम्ही खेळवा की!"

"जिभेला हाड नाही तुझ्या."

"तुम्हाला काळीज होतं का?"

मी राजापुढचं प्यादं सरकवलं आणि घड्याळ दाबलं. खुर्चीचा वेळ संपला की डाव माझा. साधा हिशेब.

भर दुपार होती. वीज गेलेली, पंखे थांबलेले. हवेत चिरुटाचा शिळा वास. सगळे आपापल्या पटावर वाकलेले... आणि समोरून आवाज आला. खट्.

काळं प्यादं पुढे आलं होतं.

उठलो असतो तर डाव त्याचा झाला असता. मी खेळत राहिलो. तो घाई करत नव्हता. एकेक काळी सोंगटी माझ्या राजाभोवती येऊन बसत होती. माझा डावा हात जड झाला. श्वास अर्ध्यावर अडकू लागला.

"बरोबरी... देता का, काका?" जन्मात पहिल्यांदा मी कुणा म्हाताऱ्याशी इतक्या अदबीने बोललो.

काळा हत्ती सावकाश सरकला. खेळी केली म्हणजे नकार.

मास्तर धावत आले. त्यांनी घड्याळ बंद केलं. "बरोबरी! लिहा हो, बरोबरी!" पंचांनी मान खाली घालून अर्धा-अर्धा गुण लिहिला. हवाना गेलं.

पट मात्र कुणी उचलला नाही.

काल मास्तर दारात आले. "पोरा... ते घड्याळ आपोआप सुरू झालंय. तुझ्या बाजूचं."

"मग बंद करा ना!"

"होत नाही..."

"किती वेळ उरलाय?"

छाती दाबून धरलेल्या माझ्या हाताकडे मास्तर नुसते बघत राहिले.