भिंतीवरचं पोट

पहिलीच्या वर्गाबाहेरच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. "ती झाकून टाका. गोष्टीबिष्टीचं काहीतरी लावा," एवढंच मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. चित्रकार बाईंनी ते मनावर घेतलं. शाळांच्या भिंती सजवणं हा त्यांचा धंदाच होता, आणि त्यांची लेकही याच वर्गात होती.

त्यांनी पुठ्ठ्याचं जंगल कापलं आणि मधोमध एक खादाड राक्षस बसवला. त्याचं पोट म्हणजे मखमलीचा मोठा खिसा. मुलांनी खाऊचं चित्र काढायचं आणि पोटात टाकायचं. पोरांच्या नुसत्या उड्या पडल्या. केळी, केक, बिस्किटं. शाळा सुटेपर्यंत खिसा रिकामा झालेला असायचा.

"मावशी, चित्रं फेकू नका हं. मला जपून ठेवायचीत," बाई झाडणाऱ्या मावशींना म्हणाल्या.

"मी कशाला फेकू? मी त्या मेल्याला हातसुद्धा लावत नाही. उबदार लागतो."

मखमल ती, उबदार लागणारच, असं म्हणून बाई हसल्या.

मग कुणीतरी शाळेच्या सशाचं चित्र टाकलं. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची कडी लावलेली होती आणि आत ससा नव्हता. मांजराने नेला असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्यानंतर वर्गातला चिमटे काढणारा एक मुलगा दिसेनासा झाला. तो त्यांच्या लेकीला रोज रडवायचा, त्यामुळे त्याचा चेहरा बाईंना पक्का माहीत होता. त्यांनी वर्गशिक्षिकेकडे सहज चौकशी केली.

"कोण मुलगा?" वर्गशिक्षिका म्हणाली. "त्या बाकावर कुणीच बसत नाही. डुगडुगतो तो."

मुलं माना खाली घालून रंगवत होती. एकाला हसू आवरत नव्हतं.

बाई तशाच भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी खिशात हात घातला. आत ओलसर होतं, जिभेसारखं. एकच कागद हाताला लागला. दोन वेण्या, जाड चष्मा, पुढचा पडलेला दात.

त्यांची लेक.

पावलांच्या जागी कागद कोरा होता. पेन्सिलीचा ओरखडासुद्धा नाही.

लेक व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. "आई, पायांना मुंग्या आल्यात गं."

आईने तिचा बूट दाबून पाहिला. बूट चपटा झाला. आत काहीच नव्हतं.

ती राक्षसाला फाडायला धावली, तशी पोर किंचाळली. ती गुडघ्यांवर रांगत आली आणि तिने दोन्ही हातांनी मखमल धरली.

"त्याला फाडू नकोस ना, आई. माझे पाय आत आहेत."

आईने हात मागे घेतला. "मग काय करू मी?"

"दुसरं कुणीतरी दिलं की तो सोडतो." लेकीने नाक पुसलं. "वर्गात सगळ्यांना माहितेय."

हातातल्या चित्रात आता घोटे पुसट होत होते.

आईने लेकीला उचलून पायरीवर आणलं आणि ती शेजारी बसली. तिने पिशवीतून कोरा कागद काढला.

"ती नवीन आलेली मुलगी," ती हळूच म्हणाली. "तिला कुणी मैत्रिणी आहेत का गं?"

"कुणीच नाही."

ती मुलगी समोरच्या कट्ट्यावर एकटीच डबा खात होती. आईने तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. सवयीचा हात भराभर चालू लागला. रिबीन, बाह्या, गुडघे.

आपलं चित्र काढतायत हे त्या मुलीच्या लक्षात आलं. ती लाजली. डबा बाजूला ठेवून, केस सारखे करून ताठ बसली आणि मुळीच हलेना.

लेक आईच्या हाताखालून कागदावर वाकली.

"तीळ डाव्या गालावर आहे, आई. उजवीकडे काढलास तर त्याला ओळखू येणार नाही."