रिकाम्या पेटीतला मध

भर दुपारी एकट्या पोरीनं रानात फिरू नये म्हणतात. पण सुकन्याला कुणी सांगावं! मुखेडजवळच्या त्यांच्या शेतात यंदा बियाण्याचा कांदा होता. फुलांचे पांढरे गोंडे कमरेला लागत होते, आणि बी चांगलं धरावं म्हणून अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणून ठेवल्या होत्या. कडेच्या एका पेटीपाशी ती थबकली. आतून गुणगुण येत होती... कुणीतरी तोंड मिटून गाणं म्हणावं तशी. ती कान लावणार, इतक्यात मागून आवाज आला.

"ती रिकामी हाय."

पेट्यांवाला रविकांत! आल्यापासून नुसता चोरून बघायचा, आणि आज बोलला तर हे.

"रिकामी? मग आत काय वाजतंय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला... तुम्हाला बी ऐकू येतंय?"

तो सांगू लागला. मागच्या साली कुणीतरी शेजारच्या रानात कीटकनाशकाचा फवारा मारला आणि त्या पेटीतल्या माश्या एकाच दुपारी मेल्या. गुणगुण मात्र राहिली. त्यानं घरच्यांना बोलावून ऐकवलं, पण कुणालाच काही ऐकू येईना.

"मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. म्हणून कुणाशी बोलत नव्हतो. तुमच्याशी तर न्हाईच."

"माझ्याशीच का न्हाई?"

"येड्यानं कुणात जीव गुतवू नये..." तो खाली बघत म्हणाला. "आज सांजच्याला पेट्या उचलतोय. उदगीरकडं, सूर्यफुलावर."

सुकन्याला वाटलं, हा गेला की गेलाच! तिनं रागारागात झाकण उचललं. आत एकही माशी नव्हती — पण चौकटीला ताजं, मधानं भरलेलं पोळं होतं.

"खाऊ नका! मी बी कधी हात लावला न्हाई."

मध म्हणजे तिच्या लेखी लहानपणचं कडू औषधाचं चाटण. नुसत्या वासानं तिला उमळून यायचं. तरी तिनं बोट बुडवलं. आधी कांद्याचा उग्र वास नाकात घुसला... मग ऊन ऊन गोडी जिभेवर पसरली, टाळ्याला चिकटली, घशातून सावकाश उतरत राहिली. अगं बाई! इतकी वर्षं आपण हे थुंकत होतो? तिनं मेणासकट तुकडा मोडून चघळला, बोटं चाटली, मनगटावर ओघळलेला थेंबही सोडला नाही.

"आता तुम्ही." तिनं मधाचं बोट पुढं केलं.

"अन् काही झालं तर?"

"दोघांना होईल की!"

त्यानं तिच्या बोटावरचा मध चाखला, आणि पेटी गप्प झाली. बाकीच्या पेट्याही गप्प झाल्या. गोंड्यांवरच्या माश्या होत्या तिथंच थांबल्या. सुकन्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग गुणगुण पुन्हा सुरू झाली... अगदी जवळून. तिच्या बरगड्यांच्या आतून.

त्यानं घाबरून छातीवर हात ठेवला. "माझ्यात बी..."

भीती वाटली, का नाही वाटणार? पण भीतीपेक्षा मोठं जे वाटत होतं, ते आज बोललं नाही तर कधीच बोलता येणार नव्हतं.

"तुम्ही मला लई आवडता," ती म्हणाली. "पेट्या ऱ्हाऊ द्या. आत्ता घरी चला, अण्णांशी बोला."

"अन् हे... हे आतलं? ते काय म्हणतील?"

सुकन्यानं त्याचा चिकट हात धरला.

"त्यांना कुठं ऐकू येणार हाय!"