विंचवाचे दिवस

आमच्या दुकानासमोर उभं राहून कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. दुकान म्हणजे तरी काय — समरकंदच्या सियोब बाजाराच्या दारात, नानवाल्यांच्या रांगेच्या टोकाला एक फळकूट आणि त्यावर बाबांची पंचांगं. गणित बाबांचं, चित्रं माझी. ज्या दिवशी चंद्र वृश्चिकेत, त्या दिवसावर मी एक काळा विंचू काढते. त्या दिवशी आमच्याकडे निकाह लागत नाही, कुणी प्रवासाला निघत नाही.

तो त्या विंचवाकडे बघूनच हसत होता. उंच, उन्हाने रापलेला, हातात जर्दाळूंची पिशवी.

"शेपटी वाकडी आलीय का?" मी विचारलं.

"शेपटी झकास आहे. चंद्र चुकलाय तुमचा."

"आमचा? तुमचा वेगळा आहे वाटतं?"

"आज तो विंचवात आहे म्हणताय. पण तो अजून तराजूपाशी रेंगाळतोय. विंचवाजवळ जायला त्याला दोन दिवस लागतील. हवं तर... संध्याकाळी दाखवतो."

"अनोळखी मुलीला चंद्र दाखवायला बोलवायचं! तुमच्या आजोबांच्या वेळची युक्ती आहे ही."

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्याने एक जर्दाळू पुढे केला. मी घेतला नाही... मग घेतला.

त्याचं नाव बहरोम. डोंगरावरच्या वेधशाळेत तो तारे मोजायचा आणि सुटीला आईकडे खाली शहरात यायचा. वडील नव्हते, बहिणी लग्न होऊन गेलेल्या. हे सगळं त्याने न विचारताच सांगितलं, आणि मी न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकलं.

दोन दिवसांनी त्याने सांगितलेल्या टेकडीवर मी गेले, पण एकटी नाही. बाबांना घेऊन गेले. त्याचा चेहरा अस्सा पडला! तरी त्याने हात करून दाखवलं. पूर्वेकडून चंद्र वर येत होता आणि त्याच्या अगदी शेजारी विंचवाच्या काळजातला तो लाल तारा.

"बघा उस्तो," तो बाबांना म्हणाला. गावात सगळे त्यांना उस्तो, म्हणजे उस्तादच म्हणतात. "खरा विंचवात चंद्र आज आहे. आणि तुमच्या पंचांगात आज स्वच्छ दिवस."

बाबा हसले. "ठाऊक आहे, बाळा."

"ठाऊक आहे?"

"आम्ही नवरोजपासून, वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तिथून, वर्तुळाचे बारा सारखे तुकडे करतो. ज्या काळी नावं पडली, त्या काळी त्या तुकड्यांत तेच तारे होते. तारे सरकले, नावं राहिली. आमचा विंचू हे तुकड्याचं नाव आहे, ताऱ्यांचं नाही."

"मग लोकांना सांगत का नाही?"

"लोक माझ्याकडे तारे विचारायला येत नाहीत. कुठल्या दिवशी भ्यायचं आणि कुठल्या दिवशी नाही, एवढंच विचारतात. महिन्यातले दोन-तीन दिवस भीतीला दिले की उरलेले दिवस माणसं सुखाने जगतात."

बहरोमला हे पटलं नाही. भीती विकणं हा काही धंदा नाही, असं तो तोंडावर बोलला. मला राग यायला हवा होता. पण बाबांसमोर इतकं सरळ बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी त्याच क्षणी घसरले.

मग तो दर सुटीला येऊ लागला. नान घ्यायचा बहाणा. त्याच्या घरी बहुतेक नानचा डोंगर साचला असेल.

"तुझी रास कुठली?" एकदा त्याने विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"धनु. डिसेंबरच्या सुरुवातीचा जन्म."

"साफ खोटं! तेव्हा सूर्य भुजंगधारी तारकासमूहात असतो. दोन्ही हातांत साप धरून उभा आहे बिचारा, अगदी सूर्याच्या वाटेवर. पण पंगत बाराजणांची, म्हणून तेराव्याला उठवलं. आणि सारखे तुकडे कसले घेऊन बसलात? आकाशात सूर्य कन्येत दीड महिना काढतो, विंचवात जेमतेम आठवडा."

"कन्येत रमतो म्हण ना."

"कोण नाही रमणार..."

"ए! म्हणजे मला रासच नाही?"

"नाही. त्यामुळे तुझं कुणाशीही जुळतं."

"कुणाशीही?"

"म्हणजे..." तो नानवरचे तीळ बोटाने टिपू लागला. "...माझ्याशी."

मी हसले नाही. हसले असते तर रडले असते, असा आनंद झाला होता.

हिवाळ्यात दोन्ही घरच्या मोठ्यांनी आमच्यामध्ये नान मोडलं. आमच्याकडे नान मोडलं की लग्न ठरलं. त्याच्या आईने, सलोमत अपांनी, माझ्या खांद्यावर पांढरी शाल घातली आणि कपाळाचं चुंबन घेतलं. निकाह सप्टेंबरात करायचा, असं बोलणं झालं.

पण ऑगस्टमध्ये बहरोमला दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या दुर्बिणीवर तीन वर्षांचं काम मिळालं. लगेच रुजू व्हायचं होतं. लग्न करून गेला तरच मला मागून बोलावता येणार होतं. नोंदणी कचेरीत धावपळ केली, तेव्हा त्यांनी विमानाच्या आधीचा एकच दिवस दिला — गुरुवार.

त्या गुरुवारावर विंचू होता. मीच काढलेला.

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. त्या गुरुवारचं पान पुढे केलं. ज्या माणसाच्या पंचांगावर अर्ध्या गावाचे निकाह ठरतात, त्याने स्वतःच्या मुलीला विंचवात बसवायचं? उद्या त्याच्या फळकुटाकडे कोण फिरकेल? बाबांनी चहाची पेली खाली ठेवली.

"तो मुलगा म्हणतो ना, त्या दिवशी चंद्र तराजूत आहे?"

"हो."

"मग होऊ दे."

झैनब खाला आमची शेजारीण, गावाची बातमीदार. ती दुसऱ्याच दिवशी कमरेवर हात ठेवून हजर. "उस्तो, माझ्या भाचीचा निकाह तुम्ही लांबवलात, मांडव परत पाठवला आम्ही. आणि स्वतःच्या पोरीला वेगळा चंद्र?"

"चूक माझी," बाबा म्हणाले. "भाचीला माझा सलाम सांग."

बहरोम आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. "उस्तोंसारखा माणूस नाही!" तो म्हणाला. "मुनव्वर, मी जन्मभर विसरणार नाही हे." मुनव्वर म्हणजे मी. तो नाव घ्यायचा तेव्हा शेवटचा र जरा लांबवायचा.

बुधवारी संध्याकाळी आमच्या अंगणात गाजरं चिरायला बायका जमल्या होत्या. सकाळच्या पुलावाची तयारी. डफ वाजत होता, थट्टा रंगली होती, माझ्या हातावरची मेंदी ओली होती. कुणीतरी म्हणालं, दारात बहरोम उभा आहे. सगळ्याजणी ओरडल्या, "एक रात्र दम निघत नाही का रे?"

तो हसला नाही. मी तुतीच्या झाडाखाली गेले.

"आईला बरं वाटत नाहीये," तो म्हणाला.

"डॉक्टर बोलावला?"

"तसं नाही... ती सकाळपासून रडतेय. म्हणते, थोरलीचा पहिला निकाह विंचवात लागला आणि ती वर्षात परत आली. म्हणते... मी वर्षभराने येईन ना सुटीला, तेव्हा करू. नीट, थाटात."

"तू सांगितलंस तिला?"

"काय?"

"चंद्र कुठे आहे ते."

"तिला काय कळणार त्यातलं, मुनव्वर."

"सांगितलंस का?"

अंगणात सुऱ्या लाकडावर वाजत होत्या.

"माझ्या बाबांना टेकडीवर उभं करून सांगितलंस," मी म्हणाले. "त्यांच्या धंद्याला नावं ठेवलीस. ते मी सहन केलं, कारण तू सगळ्यांना सांगतोस असं मला वाटलं. आईपुढे जीभ उचलली नाही?"

"तू समजून घेशील वाटलं होतं."

"समजून घेईन. खरं कारण सांग."

त्याने खाली बघितलं. मग इतकं हळू बोलला की मला जवळ सरकावं लागलं. "उगाच कशाला... विमानाचा एवढा लांबचा प्रवास आहे. काही झालं तर? मला ठाऊक आहे गं, त्यात काही नसतं. पण रात्रभर... झोप नाही लागली."

तो भ्याला म्हणून मला राग आला नाही, हे मी शपथेवर सांगते. भीती कुणाला नसते? पण बाबांनी त्याच्या शब्दावर आपली आयुष्यभराची पत टाकली होती. त्याच्याच्याने एका बाईला एक वाक्य सांगवलं नाही.

"जा, बहरोम," मी म्हणाले. "प्रवास सुखाचा होवो. आणि वर्षभराने येऊ नकोस."

"मुनव्वर... असं तोडून नको ना बोलू. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे. जा."

तो गेला. मी मागून हाक मारली असती तर तो वळला असता. नाही मारली.

सकाळी पुलाव गल्लीने खाल्ला. बाबांनी स्वतः वाढला, प्रत्येकाला या-बसा केलं आणि मला एक प्रश्न विचारला नाही.

पुढची गोष्ट मी कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारे हसतात. मला वाटलं होतं बाबांचं दुकान बसणार. झालं उलटंच! विंचवात निकाह काढला आणि आदल्या संध्याकाळी मोडला — उस्तोंच्या पंचांगाचा याहून मोठा पुरावा कुठला? नव्या वर्षाची पंचांगं हातोहात संपली, पुन्हा छापावी लागली. "खरं हो तुमचं गणित," लोक म्हणायचे आणि माझ्याकडे बघून नजर फिरवायचे. बाबांना तो पैसा हातात धरवेना. ते दुकानात यायचेच बंद झाले. आता गणितही मीच करते.

गेल्या वसंतात झैनब खाला आली. बराच वेळ पंचांगं चाळल्यासारखं केलं.

"एक दिवस काढून दे, पोरी. सप्टेंबरातला. आमच्या ओळखीत निकाह आहे."

"कुणाचा?"

"आहे एकाचा... परदेशातून येणार आहे मुलगा सुटीवर. आईने पाठवलंय मला. तिची एकच अट आहे, विंचू नको." तिने पदरासारखा ओढणीचा काठ तोंडाशी धरला. "मी नाही म्हणत होते गं. पण सलोमत म्हणाली, उस्तोंच्या घरचाच दिवस हवा. तोच खरा निघतो."

मी कागद ओढला आणि हिशोब मांडला. पंचांगातला विंचू टाळला. मग आकाशातला खरा विंचूही टाळला, त्याच्या लाल ताऱ्यापासून चंद्र चांगला दूर जाऊ दिला. भुजंगधारीही ओलांडला. असा दिवस काढला की घरातल्या म्हातारीला आणि वेधशाळेतल्या तज्ज्ञाला, दोघांनाही बोट ठेवायला जागा नाही. तारीख लिहिली आणि खालाच्या हातात दिली.

"चांगला आहे ना गं दिवस?" तिने विचारलं.

"अगदी निर्धोक," मी म्हणाले. "त्याला सांगा, या दिवशी भ्यायचं काहीच कारण नाही."

ती गेल्यावर मी फळकुटावर डोकं टेकलं आणि नानवाल्यांच्या देखत रडले.