अजून आठवडाभर

“ओ ताई! तो बर्फ काँक्रीटचा आहे!”

पिंपात घातलेला तिचा हात तिथेच थबकला. ऊन अजून नीट वर आलं नव्हतं, तरी अंगणातली वाळू तळव्यांना चटके देत होती. मिक्सर घरघरत होता, घमेली हातोहात वर चढत होती, आणि डोक्याला ओला रुमाल बांधलेला सुपरवायझर तिच्याकडे असा बघत होता, जणू तिने त्याच्याच खिशात हात घातलाय.

“काँक्रीटला बर्फ?” ती म्हणाली. “आणि तुमच्या माणसांनी काय, पाण्यावर फुंकर मारून प्यायचं?”

“एवढ्या उन्हात ओतायचं तर त्याचं पाणी गार लागतं. नाहीतर ते घाई करतं. वरून घट्ट, आतून कच्चं.”

“म्हणजे आमच्या आत्यासारखं.”

“ऐकू येतंय गं मला!” आत्या स्वयंपाकघरातून ओरडली.

तो हसला. मग इकडेतिकडे बघून त्याने बर्फाचा एक टवका काढला आणि हळूच तिच्या तांब्यात सोडला.

“घ्या. पण स्लॅबला सांगू नका.”

आज इतक्या वर्षांनीही तिला त्या उन्हाळ्यातलं पहिलं काय आठवतं, तर तांब्यात वाजलेला तो बर्फ.

ऊन तापायच्या आत स्लॅब ओतून झाला. त्याने वर ओली पोती अंथरली. दुसऱ्या दिवशी सिमेंटचे छोटे बांध घालून आळी केली, त्यांत पाणी भरलं आणि बजावलं, “सकाळ-संध्याकाळ पाणी. एकही कोपरा सुकता कामा नये. मी येईन बघायला.”

पाण्याचं काम तिच्याकडे आलं, कारण खालच्या खोलीत तिचं शिवणयंत्र स्लॅबला खालून दिलेल्या टेकूंच्या जंगलात अडकलं होतं. सगळं घरच त्या जंगलात राहत होतं. आई टेकूंना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायची, आत्या त्यांवर पाठ खाजवून घ्यायची, आणि बाबा येता-जाता कपाळ आपटून घ्यायचे.

तो रोज संध्याकाळी यायचा. गुडघ्यावर बसून आळ्यात बोट बुडवायचा.

“इथे जरा कमी आहे.”

“बोटाने कळतं?”

“कळतं… सवय लागते.”

लोखंडी शिडी उन्हाने अशी तापायची की धरवत नसे. एका संध्याकाळी ती बादली घेऊन आली, तर प्रत्येक पायरीला गोणपाट गुंडाळलेलं, वर ओलंही केलेलं. तिने विचारलं, तर म्हणाला, “स्लॅबचं उरलं होतं.” कान मात्र लाल. त्याच संध्याकाळी ‘ताई’ म्हणायचं तो विसरला, आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

“आता पुरे का पाणी?”

“अजून आठवडाभर.”

आठवडा सरला. “आता?”

“ऊन फार आहे… अजून आठवडाभर.”

शेजारचे म्हातारे गवंडीकाका एकदा भिंतीवरून म्हणाले, “पोरी, स्लॅबला पोहायला शिकवतेस का? टेकू कधीच निघायला हवे होते!”

ती हसली, ‘हो काका’ म्हणाली, आणि संध्याकाळी एक बादली जास्तच ओतली.

मग एके दिवशी बाबांच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि त्यांचा पारा चढला. त्यांनी थेट कंत्राटदारालाच बोलावून आणलं.

“भर उन्हाळ्यात ओतलात,” बाबा कडाडले. “आत तडा गेला असणार. म्हणून तर हा पठ्ठ्या टेकू काढत नाही!”

कंत्राटदार टेकू बघून चाट पडला. सुपरवायझरकडे वळून म्हणाला, “काय लपवतोयस? खरं सांग. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

“स्लॅबमध्ये काही दोष नाही.”

“मग इतके दिवस टेकू कशाला?”

त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला कळलं. एका वाक्यात त्याची नोकरी वाचत होती, पण त्या वाक्यात ती होती. म्हणून तो ते बोलणार नव्हता. उद्यापासून येणारही नव्हता.

तिने बादली खाली ठेवली.

“बाबा, स्लॅब पक्का आहे. केव्हाचाच. मला ठाऊक होतं.”

“मग रोज पाणी कशाला घालत होतीस?”

“ते… बघायला यायचे ना. म्हणून.”

आईने वाळत घातलेल्या चादरीआड तोंड लपवलं.

“चला,” आत्या म्हणाली, “एकदाचं आतूनही घट्ट झालं म्हणायचं!”

“आणि माझी ही टेंगळं?” बाबा कपाळ चोळत म्हणाले.

“ती लग्नखर्चात धर.”

बाबांनी हातोडा उचलला. “पक्का आहे ना? मग मी टेकू काढतो. उभा राहा खाली!”

तो जाऊन उभा राहिला. आणि कोणी काही म्हणायच्या आत तीही त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाबांचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि घाव घातला. एकामागून एक सगळे टेकू निखळले. दोघांच्या केसांवर जराशी धूळ पडली, बस्स.

“हललं का काही?” तिने कुजबुजत विचारलं.

“स्लॅब नाही,” तो म्हणाला.

अजूनही उन्हाळ्यात संध्याकाळी ती गच्चीवर पाणी शिंपडते. गुडघे आता कुरकुरतात. शिडीचं गोणपाट तो दर उन्हाळ्यात नवं गुंडाळतो, आणि तिच्या मागोमाग धापा टाकत वर येतो.

“पुरे का आता?” ती विचारते.

तो खाली वाकतो, ओल्या गच्चीला बोट लावून बघतो, आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणतो,

“अजून आठवडाभर.”