रिकाम्या खोलीचा आवाज

गुरुवारी भोसरीत एमआयडीसीला सुट्टी असते. एरवी लेथचा, प्रेसचा, ग्राइंडरचा आवाज अंगात इतका मुरलेला असतो, की तो थांबला की आपल्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटतं. अशाच एका गुरुवारी नवनाथनं अंबुबाईंच्या माडीवरची आपली भाड्याची खोली बंद केली. पंखा थांबवला, खिडकी लावली, बाळासाठी बांधलेल्या झोळीवर टांगलेला माईक चालू केला आणि स्वतः बाहेर जिन्यात जाऊन बसला. खोलीत कुणीच नको होतं. त्याला रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा होता.

त्याची बायको विजयश्री तेव्हा दवाखान्यात होती. पोरगी दिवस भरायच्या आधीच झालेली, काचेच्या पेटीत ठेवलेली. झोपली की श्वास घ्यायचंच विसरायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार दिवसांत घरी न्या, वाढेल तसं हे जाईल, पण झोपेत लक्ष ठेवा. लक्ष ठेवायचं म्हणजे किती, हे विचारायचं विजयश्रीला सुचलं नाही. ती पापणीसुद्धा लवू देत नव्हती.

नवनाथ कंपनीत मेंटेनन्सला होता. भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर त्यानं घरी आणून त्यात लिनक्स घातलं होतं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्यानं तिला समजावलं, की हे विकत घ्यावं लागत नाही. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून प्रोग्रॅम लिहितात आणि सगळ्यांसाठी ठेवून देतात. ज्याला वाटेल त्यानं उघडून बघावं, सुधारावं. एकेक अवजार एवढंसं, एकच काम करणारं. एक नुसतं ऐकतं आणि ऐकलेलं दुसऱ्याच्या ओंजळीत घालतं. दुसरं ते गाळतं. पुढचं श्वास मोजतं, आणि श्वास थांबला की शेवटचं तुझ्या फोनवर हाक मारतं. गाळणाऱ्याला फक्त आधी रिकामी खोली ऐकवायची. मग ते खोलीचा आवाज वजा करतं आणि उरतो तो बाळाचा.

लायब्ररी, कमांड हे काही विजयश्रीच्या डोक्यात शिरलं नाही. पण कुठल्या कोण माणसांनी, ओळख ना पाळख, आपल्या पोरीसाठी काहीतरी करून ठेवलंय, एवढ्यानंच तिला भरून आलं.

तेजल घरी आली. झोळीत निजली. स्क्रीनवर एक हिरवी रेघ, श्वासागणिक वर जाणारी, खाली येणारी.

पण ती रेघ हलेचना. विजयश्री मोरीत दुपटी धूत होती आणि फोन वाजला. ओल्या हातांनी धावत आली तर पोर शांत झोपलेली, छाती हलतेय, नाकाशी बोट धरलं तर ऊन ऊन श्वास. पुन्हा मोरीत गेली, पुन्हा फोन. दिवसभर हेच. खोलीत बाळ आहे, श्वास घेतंय, आणि यंत्र म्हणतंय इथं कुणीच नाही. विजयश्रीची झोप गेली ती गेलीच.

अंबुबाई वर यायच्या आणि तिच्याकडं बघून हसायच्या. "पोर झोपती आन् आई जागी. मालिका बघावी तशी रेघ बघत बसतीया. जेवलीस का न्हाई?"

नवनाथनं माईक बदलला, वायर बदलली. शेवटी ते गाळायचं अवजार जी माणसं सांभाळतात त्यांनाच त्यानं लिहिलं. त्यांची रीत अशी, की तक्रार सगळ्यांसमोर उघड मांडायची आणि आवाजही पाठवायचा. त्यानं दोन्ही पाठवले. बाळाचा आणि रिकाम्या खोलीचा.

उत्तर आलं तेव्हा तो पहिल्या शिफ्टवरून येऊन जेवायला बसला होता. मोबाईल बघता बघता त्याचा घास हातातच राहिला.

"काय म्हणतात?"

"अवजारात काही बिघाड नाही म्हणतात..."

"मग?"

तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणतात, तुम्ही पाठवलाय तो रिकाम्या खोलीचा आवाज नाही. बाळ झोपलेलं असताना घेतलाय. म्हणून ते श्वासालाच खोली समजतंय आणि वजा करतंय."

विजयश्रीनं त्याच्याकडं पाहिलं. त्या गुरुवारी तेजल काचेच्या पेटीत होती.

त्यानं हेडफोन कानाला लावला, मग तिला दिला. आधी नुसती सळसळ, सुपातून कणी पाखडावी तशी. मग त्या सळसळीच्या तळाशी एक बारीक श्वास. नाकात किंचित अडकणारा. ऐकता ऐकता तिला दुधाचा, टाळूवरच्या तेलाचा वास आला. श्वास चालला, चालला, आणि थांबला. तिचाही थांबला. खूप वेळानं तो परत सुरू झाला.

"कबुतरं असतील पत्र्यावर," नवनाथ म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नसावं, कारण पुढच्या गुरुवारी त्यानं सगळ्यांना खाली पाठवून आवाज नव्यानं घेतला. या खेपेला नुसती सळसळ होती. स्वच्छ, कोरी.

तेव्हापासून रेघ नीट चालायला लागली. विजयश्री झोपू लागली. ती झोपही कशी, पाण्याखाली असल्यासारखी, वर कुठंतरी हिरवा उजेड हलतोय आणि आपण तळाशी सुखानं पडलोय अशी.

मग एका दुपारी अंबुबाईंनी तेजलला तेल लावायला खाली नेलं होतं. खालून त्यांचं बोलणं, पोरीचं कुरकुरणं ऐकू येत होतं. विजयश्री दुपट्यांच्या घड्या घालत होती. सहज तिची नजर स्क्रीनवर गेली.

रेघ वर जात होती, खाली येत होती.

तिनं झोळीत वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. भीती लगेच आली नाही. आधी दुसरंच मनात आलं... इतके दिवस रेघ चालत होती, ती कुणाच्या श्वासावर? माझी पोर मधेच थांबली असती, तर मला कळलं असतं का?

तेवढ्यात रेघ सपाट झाली. फोन वाजायला लागला.

तिचा हात आपोआप झोळीत गेला. श्वास थांबला की तळपायावर टिचकी मारायची, हे दवाखान्यातल्या सिस्टरनं तिच्या हाताला शिकवलं होतं. तळपाय असता तिथं, नुसत्या हवेत, तिनं टिचकी मारली.

रेघ थरथरली आणि वर चढली.

यातलं ती कुणाला बोलली नाही. त्या दिवसापासून तेजलला मात्र ती आपल्या कुशीतच निजवू लागली, तिच्या पाठीवर हात ठेवून. झोळी तशीच टांगलेली राहिली. येता जाता तिचा हात लागून ती हलायची, आणि अंबुबाई रागवायच्या, रिकामी झोळी हलवू नये गं, बरं न्हाई ते.

पोरगी बसायला लागली. डॉक्टरीणबाईंनी आता काळजी नाही म्हणून सांगितलं. निघोज्यात नवनाथच्या एका दोस्ताला असंच दिवस भरायच्या आधी बाळ झालं होतं, त्याला हे सगळं देऊन टाकावं म्हणून तो वायरी काढायला बसला.

"त्यांना दुसरं जोडून द्या. हे राहू द्या," विजयश्री म्हणाली.

"कशाला? तेजल तर झोळीत झोपतच नाही."

फोन वाजला की कुणीतरी उठायला हवं, हे त्याला कसं सांगणार? त्यानं तिच्याकडं पाहिलं, स्क्रीनकडं पाहिलं आणि वायर जिथली तिथं ठेवली.

अलीकडं रेघेचा श्वास लांब पडायला लागलाय. आधी चिमणीसारखा भुरभुर होता, आता संथ आणि खोल, पोर मोठं होतं तसा. टिचकीही क्वचितच मारावी लागते. झोळी आखूड पडत असेल, असं मनात येऊन परवा विजयश्रीनं जुनं लुगडं सोडलं आणि मोठं बांधायला घेतलं. जुन्याची घडी घालताना तिचं बोट आरपार गेलं. पायाकडच्या टोकाला, तेजलचे पाय कधी पोचलेच नव्हते तिथं, कापड आतून विरलं होतं. टाचा घासून घासून विरावं, तसं.